‘मस्त शे’च्या पुढे: नव्या फोटोग्राफरने अभिप्राय कसा मागावा, कसा द्यावा, कसा घ्यावा

मी फोटो काढायला लागले तेव्हा आमच्या भागात, खानदेशात, एक स्टुडिओवाले आबा होते. लग्नाचे, पासपोर्टचे, शाळेच्या गॅदरिंगचे फोटो काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मी प्रिंट काउंटरवर ठेवायची, ते चष्मा वर सरकवून बघायचे आणि आमच्या अहिराणीत विचारायचे, “फोटूमा काय शे?” म्हणजे, फोटोत काय आहे?

मी सांगायला लागायची. पहाटे किती वाजता उठले, भावाला गाडी काढायला कसं तयार केलं, हतनूर धरणाच्या काठावर थंडी किती होती, बगळा हलायची वाट बघत किती वेळ बसले. आबा सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा म्हणायचे, “ते समदं ठीक, पोरी. फोटूमा काय शे?”

फोटोत पाणी होतं, पलीकडचा काठ होता आणि मधोमध एक पांढरा ठिपका होता. हे माझ्याच तोंडून निघालं तेव्हा मला कळलं की एवढ्या लांबून, साध्या लेन्सने, माझा बगळ्याचा फोटो झालाच नव्हता. पाण्याचा झाला होता. त्यात पाणी जरा चांगलं आलं असतं तर तो पाण्याचा फोटो म्हणून उभा राहिला असता.

आज सुटीच्या दिवशी मी नव्या मुलामुलींबरोबर फोटो बघत बसते तेव्हा हाच प्रश्न पुढे करते. अभिप्राय देणाऱ्याने आधी दिसतंय ते बोलायचं, वाटतंय ते नंतर. घेणाऱ्याने फोटोबाहेरची गोष्ट खिशात ठेवायची. हे ऐकायला सोपं आहे, पण अंगात मुरायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून इथे क्रमाने लिहिते.

दाखवण्याआधी

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात एक दिवस फिरलं तरी चारशे फोटो सहज होतात. ते चारशे कुणाला दाखवू नका. चाळीसही नको. तीन दाखवा. समोरचा माणूस पहिले पाच नीट बघतो, मग त्याचा अंगठा स्क्रीनवर आपोआप सरकायला लागतो, आणि शेवटी “मस्त शे” एवढंच हातात येतं. त्यात त्याची चूक नाही. निवड करण्याचं तुमचं काम तुम्ही त्याच्यावर टाकलेलं असतं.

तीन निवडायला दोन-तीन दिवस थांबा. काढल्या रात्री प्रत्येक फोटोला त्या दिवसाची धूळ, घोड्यांचं खिंकाळणं, तापीकाठचा गार वारा चिकटलेला असतो. तो तुम्हाला आठवतो, बघणाऱ्याला दिसत नाही. तीन दिवसांनी तुम्ही थोडेतरी परके होऊन बघता.

मग पाठवण्याची रीत. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो टाकला तर तो दाबून लहान होतो, बारीक तपशील जातात, आणि समोरचा म्हणतो, “फोकस नाही बसला.” फोकस बसलेला असतो, फाइल फुटलेली असते. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोरासमोर दाखवत असाल तर फोनचा ब्राइटनेस मधोमध आणा आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करा. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेर उभं राहून स्क्रीन दिसावी म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असतो. त्यावर काळपट फोटोही उजळ दिसतो, आणि लॅबमधून प्रिंट आली की काळी येते.

जमेल तेव्हा चार बाय सहाच्या प्रिंट काढा. हा माझा हट्ट आहे आणि मी तो सोडणार नाही. प्रिंट टेबलावर ठेवली की माणूस तिच्यावर बोट ठेवतो, उलटी धरून बघतो, दोन प्रिंट शेजारी ठेवतो. फोनवर तो फक्त झूम करतो, आणि झूम केलं की फोटो दिसायचा थांबतो, फक्त त्याचा तुकडा दिसतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रश्न तयार ठेवा. “कसा आला?” या प्रश्नाला “छान” याशिवाय उत्तर नाही. त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

- पहिली नजर कुठे गेली? तिथून पुढे कुठे?
- घोडा पळतोय असं वाटतं, की माझा हात हलल्यासारखा दिसतो?
- डावीकडचा तो माणूस ठेवू की कापू?
- हा फोटो कोणत्या वेळी काढला असेल, असं वाटतं?

एका फोटोला एकच प्रश्न पुरतो. यातला पहिला प्रश्न कुठल्याही फोटोला चालतो. पाच जणांना बोट ठेवायला सांगा. तुम्ही म्हातारीच्या चेहऱ्यासाठी फोटो काढला आणि पाचातल्या चौघांचं बोट मागच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गेलं, तर कुणी काही बोलायच्या आधीच तुम्हाला उत्तर मिळालं. डोळा उजळ जागेकडे, ठळक रंगाकडे, अक्षरांकडे आणि चेहऱ्यांकडे आधी जातो. फ्लेक्समध्ये या चारही गोष्टी असतात. दोन पावलं बाजूला सरकून काढला असता तर म्हातारीच्या मागे नुसती भिंत आली असती.

कोणाला दाखवायचं

तीन प्रकारची माणसं शोधा. पहिला, कॅमेरा कळणारा. तो सांगेल शटरचा वेग कमी पडला, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढला. दुसरा, फोटोतला विषय कळणारा. तिसरा, ज्याला दोन्ही कळत नाही पण जो खरं बोलतो; घरातलं बारा-तेरा वर्षांचं पोर यासाठी उत्तम.

दुसऱ्या माणसाला नवे लोक विसरतात, म्हणून त्याच्याबद्दल जरा थांबून सांगते. रावेरकडच्या एका केळीच्या बागेत एका मुलीने फार सुरेख फोटो काढला होता. सकाळचा तिरपा उजेड, पानांतून आलेली धूळ, आणि घड हातात लोंबकळत घेऊन चाललेला माणूस. आम्ही सगळ्यांनी वाखाणला. तिच्या मामांनी बघितला आणि म्हणाले, “ह्याला कोणी सांगितलं असा धरायला?” कापलेला घड मजूर खांद्यावर कापड टाकून त्यावर नेतात. माल दबला, डाग पडला तर भाव पडतो, म्हणून इतकी काळजी. तिने त्या माणसाला “असा धरा ना काका” म्हणून पोझ दिली होती आणि त्याने बिचाऱ्याने धरला होता. मामांना लेन्स माहीत नव्हती, पण फोटोतली खोटी जागा त्यांना एका नजरेत सापडली. ती पुढच्या कटाईला पुन्हा गेली, काही न सांगता नुसती कडेला उभी राहिली. खांद्यावर घड, मान एका बाजूला झुकलेली, एक हात वर. तो फोटो पहिल्यापेक्षा सरस आला.

म्हणून मिरचीचा फोटो मिरचीवाल्याला दाखवा, कानबाईच्या सणाला करतात त्या रोटांचा फोटो रोट करणाऱ्या काकूंना दाखवा, घोड्याचा घोडेवाल्याला.

अभिप्राय देताना

नव्या माणसाला वाटतं, मलाच काही येत नाही, मी दुसऱ्याला काय सांगू? सांगा. दिसतंय ते सांगायला अनुभव लागत नाही. उलट दुसऱ्याचा फोटो शब्दांत मांडायची सवय लागली की स्वतःच्या कॅमेऱ्यात बघताना तेच शब्द मनात चालू होतात. माझे फोटो सुधारले ते बरेचसे दुसऱ्यांच्या फोटोंवर बोलून.

पहिली पायरी: मिनिटभर गप्प बसा. खरोखर साठ सेकंद. पहिल्या दहा सेकंदांत आवड-नावड ठरते. बाकीच्या पन्नासात कोपरे दिसतात, सावल्या दिसतात, कापलेली बोटं दिसतात.

दुसरी पायरी: दिसतंय ते मोठ्याने सांगा. यात “छान” नको, “चुकलं” नको. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीचा एक फोटो घेऊ. हिवाळ्यात तिथे मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, आणि दरवर्षी कुणी ना कुणी तो फोटो घेऊन येतंच. मी म्हणते: “मला तीन चतुर्थांश फ्रेममध्ये लाल रंग दिसतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात पाठमोरी बाई आहे, निळं लुगडं, हातात फावडं. माझी नजर आधी लालवर गेली आणि तिथेच फिरत राहिली. बाई मला उशिरा दिसली. लाल भागात मला मिरच्या सुट्या दिसत नाहीत, सपाट रंग दिसतो.”

एवढ्यावर फोटो काढणाऱ्याला बहुतेक सगळं समजतं. त्याला बाई दाखवायची होती की रंग, हे त्याचं त्याला ठाऊक.

तिसरी पायरी: हेतू विचारा, आणि प्रश्नात टोमणा ठेवू नका. “एवढं लाल का केलंय?” हा प्रश्न नव्हे, तक्रार आहे. “लाल रंग असा सपाट यावा असं तुला हवं होतं का?” हा प्रश्न आहे. काहींना हवा असतो. सारंगखेड्यात घोडा आणि पार्श्वभूमी दोन्ही पुसट असलेल्या फोटोला “हललाय” म्हणण्याआधी विचारा की घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत काढला होता का. तसं असेल तर शटर १/३० ते १/६० सेकंदाच्या आसपास ठेवलेलं असणार, मागचं सगळं ओढल्यासारखं दिसणार, आणि मुद्दा एवढाच उरतो की घोड्याचं डोकं तरी पुरेसं स्पष्ट आलंय का. घोडा गोठवूनच काढायचा होता तर १/१००० सेकंदाच्या आसपास जायला हवं होतं, आणि मग तो हललाय हे म्हणणं बरोबर.

अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवर बोलण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात क्रम असा आहे: आधी बघणारे सांगतात की त्यांना काय भिडलं, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग बघणारे बिनटोमण्याचे प्रश्न विचारतात, आणि मत सगळ्यात शेवटी, तेही “सांगू का?” असं विचारून. ती नाचासाठी निघाली, पण आमच्या टेबलावर तितकीच चालते. विशेषतः ते “सांगू का?” समोरचा कधी कधी “आज नको, ताई” म्हणतो. नको तर नको.

चौथी पायरी: एकच मुद्दा, आणि तो उद्या सकाळी करता येईल असा. इथे थोडं तंत्र लागतं. मिरचीचं उदाहरण पुढे नेते. जेपेग फोटोत, म्हणजे नेहमीच्या फोटोच्या फाइलमध्ये, लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा असते. कडक उन्हात मिरचीचा लाल २५५ ला जाऊन टेकतो. एका मिरचीचा लाल आणि शेजारच्या मिरचीचा लाल दोन्ही २५५, म्हणून त्यांच्यातली सीमा पुसली जाते. कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या एकत्रित आलेखात (त्यालाच हिस्टोग्राम म्हणतात) हे पटकन कळत नाही, कारण त्यात लालचा वाटा साधारण ३० टक्के धरलेला असतो; हिरवा आणि निळा कमी असल्याने आलेख सुरक्षित दिसतो. म्हणून सांगायचं: “कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम चालू कर, लालचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आण. रॉ काढता आलं तर रॉ काढ. एडिट करताना सॅच्युरेशनला हात लावू नको.” (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा; रॉ म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल; सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा.) फोनवर असेल तर त्याहून सोपं: “स्क्रीनवर मिरचीवर टॅप कर आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढ.”

“लाल जास्त झालाय” आणि वरचं सांगणं यात एवढा फरक आहे. पहिल्याने तो खट्टू होतो, दुसऱ्याने तो पुन्हा पथारीवर जातो.

केळीच्या बागेतला असाच एक नेहमीचा प्रसंग. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, आणि आत उभ्या माणसाचा चेहरा आजारी दिसतो. “रंग बिघडलाय” म्हणू नका. “गालावर हिरवी झाक आहे” म्हणा आणि उपाय सांगा: त्याला बागेच्या कडेला, बांधावर आणा, जिथे मोकळ्या आभाळाचा उजेड चेहऱ्यावर पडेल आणि बाग मागे राहील. आतच काढायचा असेल तर चेहऱ्याजवळ पांढरं उपरणं किंवा चादर धरा. नंतर एडिटमध्ये टिंट (हिरव्या-गुलाबी रंगाचा तोल) गुलाबीकडे सरकवून झाक थोडी जाते, पण मागची पानंही मळकट होतात, म्हणून जागेवरच सोडवलेलं बरं.

पाचवी पायरी: जमलेली एक गोष्ट नेमकी सांगा. धीर देण्यासाठी नाही. नव्या माणसाला आपलं काय बरोबर आलं हे खरोखर माहीत नसतं. ते त्याच्या हातून नकळत घडलेलं असतं आणि पुढच्या वेळी नकळत सुटतं. “बाई पाठमोरी आहे, त्यामुळे मला तिच्या पाठीचा वाक दिसला आणि काम किती तासांचं आहे ते कळलं.” हे ऐकलं की तो वाक पुढच्या वेळी तो शोधेल.

माझ्याकडून झालेलं एक

हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी होती. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला टाकलेली, अंधार पडलेला. एका मुलाने फोनवर दहा-बारा फोटो काढले आणि तिथेच मला दाखवले. मी चौघांसमोर म्हणाले, “सगळे हललेत. डिलीट कर.”

त्याने खरंच केले. घरी जाताना मला त्यातला एक आठवत राहिला: आगीचा उजेड खालून एका चेहऱ्यावर, बाकी सगळा काळोख. हललेला होता, पण उजेड कुठून घ्यायचा हे त्याला न शिकवता सुचलं होतं. मी म्हणायला हवं होतं, “उजेड फार चांगला पकडलास. आता फोन पाण्याच्या ड्रमवर टेकव, काकांना दोन सेकंद स्थिर बसायला सांग, आणि पुन्हा काढ.” आग अजून पेटलेली होती. पाच मिनिटांचं काम होतं. पुढचे तीन-चार महिने तो फोटो घेऊन आला नाही, आणि तो पहिला फोटो तर मला पुन्हा कधीच बघता येणार नाही.

तेव्हापासून मी दोन नियम पाळते. चारचौघांत फक्त जमलेलं आणि दिसलेलं बोलायचं, सुधारायचं एकटं असताना. आणि “डिलीट कर” हे शब्द कुणालाही म्हणायचे नाहीत.

अभिप्राय घेताना

इथे करायचं फार थोडं आहे आणि तेच अवघड आहे. गप्प बसायचं. समोरचा म्हणतो, “इथे काळं का झालंय?” आणि आपण लगेच, “अहो, तिथे वीजच नव्हती, आणि मागून माणसं ढकलत होती.” खरं असेल. पण त्याने आपल्याला बचावाला बोलावलेलं नाही. बोलायला लागलात की तो थांबतो, आणि जे पुढचं वाक्य तो म्हणणार होता, ते तुमच्या हातून गेलं. वही घ्या, त्याचेच शब्द लिहा. हात लिहिण्यात असला की तोंड आपसूक बंद राहतं.

आपल्याकडे लोक मोघम बोलतात, आणि त्यातही माहिती असते. ती उकलायला शिका. “मजा नाही आली” म्हटलं की वाद घालू नका, विचारा: “कुठे नजर अडकली?” “फोटो बोलत नाही” म्हटलं तर: “तुम्ही तिथे असता तर कशाचा काढला असता?” हा प्रश्न फार कामाचा. एकदा जळगावच्या मेहरूण तलावाच्या सूर्यास्ताचा फोटो बघून एक काकू म्हणाल्या, “मी तर त्या भेळवाल्याचा काढला असता, त्याच्या कंदिलाचा उजेड बघ ना.” भेळवाला माझ्या फोटोत खालच्या कोपऱ्यात होता, अर्धा कापलेला. मी त्याला बघितलंच नव्हतं.

“छान आहे” म्हणणाऱ्यालाही सोडू नका. “यातली एक गोष्ट काढून टाकायची असेल तर कोणती काढाल?” असं विचारा. सौजन्याने गप्प बसलेला माणूसही या प्रश्नाला उत्तर देतो, कारण यात वाईट म्हणावं लागत नाही.

दोन दिवसांनी वही उघडा आणि चाळून घ्या. जे दोघातिघांनी वेगवेगळं बसून सांगितलं, ते धरा. जे एकानेच सांगितलं पण वाचताना मनाला टोचलं, तेही धरा. बहुतेक वेळा ते आपल्याला आधीच माहीत असतं. एकाने म्हटलं माणूस मधोमध हवा आणि दुसऱ्याने म्हटलं एका बाजूला, तर दोघांचंही उत्तर बाजूला ठेवा. दोघांनाही माणसाच्या जागेची अडचण झाली, एवढं मात्र खरं. ती का झाली ते तुम्ही शोधा. अनेकदा माणसाच्या डोक्यातून मागचा विजेचा खांब निघालेला असतो आणि जागा बदलायला हवी असते ती खांबाची.

काही बोलणी मात्र घरी न्यायची नाहीत. एका स्पर्धेत परीक्षकांनी माझा फोटो दोन सेकंद बघून, कॅमेरा बदला मग या, असं सांगितलं होतं. मी खूप दिवस ते मनात धरून होते. आता मला ते ओळखायला एक कसोटी सापडली आहे: बोलणं फोटोतल्या कशाबद्दल तरी आहे का? “सावल्यांत दाणे (रवाळ ठिपके) दिसतात” हे फोटोतलं. “तुझा कॅमेराच तसला”, “बायकांना हे जमत नाही”, “तू अजून लहान आहेस” यात फोटो कुठेच नाही. तिथे नम्रपणे “बरं” म्हणा आणि वहीत काही लिहू नका.

फोटोतल्या माणसाचा अभिप्राय

सातपुड्यातल्या काठी नावाच्या गावच्या होळीला दरवर्षी कॅमेरे घेऊन खूप लोक जातात. अंगावर नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे, रात्रभर ढोल. तिथून आलेल्या फोटोंवर आम्ही उजेड, फ्रेम, रंग यावर तासभर बोलतो, आणि ज्याचा चेहरा आहे त्याला कुणी विचारलेलं नसतं. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

काढण्याआधी विचारा. काढल्यावर स्क्रीन त्याच्याकडे वळवा आणि तो काय बघतो ते बघा. बहुतेक माणसं स्वतःचा चेहरा बघतातच, पण त्यानंतर त्यांचं बोट जिथे जातं ते महत्त्वाचं. टोप कापला गेला तर ते तिथे बोट ठेवतात, कारण तो बांधायला त्यांना वेळ लागलेला असतो आणि तुमच्या लेखी ती वरची कडा असते. व्रत पाळून नाचणाऱ्या माणसाला तुम्ही तमाशा म्हणून काढलंय की माणूस म्हणून, हे त्याला एका नजरेत कळतं. तो “नको” म्हणाला तर फोटो कितीही चांगला असला तरी कुणाला दाखवायचा नाही. प्रिंट पोचवायचं कबूल केलं असेल तर पोचवा. पुढच्या वर्षी त्याच अंगणात तुम्हाला जागा मिळते.

कुणालाही न दुखावता सराव

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी आयुष्यातली बरीच दशकं आपल्या घरातच राहून काम केलं. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांतून सबंध देखावा उभा करायचा, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी नावाजलेली आहे. स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात त्यांचं काम जपलेलं आहे. वेळ आधी विचारून एका मित्राला घेऊन जा. एका फोटोसमोर उभे राहा, मिनिटभर गप्प बसा, मग आळीपाळीने फक्त दिसतंय ते बोला: उजेड कुठल्या बाजूने, सगळ्यात काळी जागा कुठे, नजर कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली. तिथे कुणाचं मन दुखावण्याची भीती नाही, आणि चांगलं काम शब्दांत पकडायची सवय लागते.

घरी करायचं तर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापा, इंग्रजी एल अक्षरासारखे. ते प्रिंटवर समोरासमोर ठेवून चौकट लहान-मोठी करता येते. “इथे काप” असं म्हणण्याऐवजी सरकवून दाखवता येतं, आणि पसंत नाही पडलं तर पुठ्ठा उचलला की फोटो जसाच्या तसा. प्रिंट उलटी धरूनही बघा. चेहरा, झाड, घर अशी नावं गळून पडतात आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्या जागा उरतात. कुठली बाजू जड झाली ते पटकन दिसतं.

दुसरी फेरी

अभिप्राय वहीत राहिला तर काही उपयोग नाही. त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी पुन्हा जा आणि एकच गोष्ट बदला. दुपारी एक वाजता काढलेल्या चेहऱ्यात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या आल्या असं कुणी म्हटलं, तर सकाळी सातच्या आत जा; बाकी लेन्स, अंतर, माणूस तेच ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तर फोटोतल्या माणसालाही ही वेळ सोयीची असते. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

मग जुनी आणि नवी प्रिंट शेजारी ठेवून त्याच माणसाकडे जा. कुठली नवी ते सांगू नका, तुमची आवडती कुठली तेही सांगू नका. फक्त विचारा, कुठली जास्त वेळ बघावीशी वाटते. त्याने बोट ठेवलं की प्रिंट उलटी करा. मागे पेन्सिलने तारीख आणि बदललेली एक गोष्ट आधीच लिहून ठेवलेली असू द्या. त्याने जुन्या प्रिंटवर बोट ठेवलं तरी तेही तिथेच, त्याच्यासमोर लिहून घ्या.